सायटेशन मोजण्याआधी नाव निस्तरा

बढतीचे फॉर्म भरायची वेळ आली की वर्षभर ग्रंथालयाकडे न फिरकलेले प्राध्यापकही माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसतात. मागणी एकच असते: "मॅडम, माझा एच-इंडेक्स तेवढा काढून द्या." एच-इंडेक्स म्हणजे तुमचे पेपर किती आणि त्यांचा संदर्भ किती वेळा दिला गेला, दोन्ही मिळून काढलेला एक आकडा. मी फोंड्याकडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. हे काम इतक्या जणांना करून दिलंय की आता लिहूनच ठेवावं म्हटलं. निदान पहिला अर्धा भाग तरी तुम्ही घरी बसून उरकून याल.

आकडा काढायला दहा मिनिटं लागतात. वेळ जातो तो पुढच्या-मागच्या गोष्टींत: आकडा नक्की तुमचाच आहे का, तो कुठल्या ठिकाणाहून घेतलाय, आणि कुणाच्या आकड्याशेजारी ठेवून बघायचा. हे तीन प्रश्न सोडवलेले नसतील तर फॉर्मात लिहिलेला एच-इंडेक्स कुणी विचारलाच तर तुम्हाला धड सांगताही येणार नाही.

मुळात सायटेशन म्हणजे कुणीतरी आपल्या पेपरच्या शेवटी, संदर्भयादीत, तुमच्या पेपरचं नाव घेतलेलं असणं. बस, एवढंच. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात अशा संदर्भांची सूची करावी अशी कल्पना मांडली आणि १९६४ पासून फिलाडेल्फियाच्या त्यांच्या संस्थेने ती नियमित काढायला सुरुवात केली. मुख्य हेतू ग्रंथपालाला आवडेल असाच होता: एक जुना पेपर हातात असेल, तर त्याच्या आधारे पुढे कुणी काय केलं ते वाचकाला शोधता यावं. माणसांची वजनं करायला ती सूची नंतर वापरली जाऊ लागली.

आधी नाव

गोव्यात हे काम नावापासून सुरू करावंच लागतं. आमच्या स्टाफरूममध्ये "नाईक सर" अशी हाक मारली तर एकाहून जास्त माना वळतात. संगणकाचंही तसंच होतं. 'एस. नाईक' नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंच्या खात्यात दुसऱ्याच कुणा एस. नाईक यांचे रसायनशास्त्राचे पेपर येऊन पडलेले असतात. उलटही घडतं. प्रभुदेसाई एका पेपरवर एका शब्दात, दुसऱ्यावर दोन शब्दांत. देसाईंमध्ये कुठे एक 'एस', कुठे दोन. पोर्तुगीज काळापासून चालत आलेली स्पेलिंगं अजून शाळेच्या दाखल्यांवर आहेत, त्यामुळे कुणी कामत 'के'ने लिहितो, कुणी 'सी'ने. त्यात पीएचडी माहेरच्या नावाने झालेली आणि नंतरचे पेपर सासरच्या नावाने, असं असेल तर एकाच बाईंच्या दोन अर्ध्या-अर्ध्या कारकिर्दी तयार होतात आणि दोन्ही किरकोळ दिसतात.

म्हणून पहिलं काम संगणक बंद ठेवून करा. आपल्या फायलीतून स्वतःच्या सगळ्या पेपरांची यादी काढा. शीर्षक, वर्ष, जर्नल, डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक), आणि पेपरवर आपलं नाव नेमकं कसं छापलंय ते. ही यादी म्हणजे तुमचा मूळ दस्त. पुढे कुठल्याही संकेतस्थळावर जे दिसेल ते या यादीशी ताडून बघायचं.

मग ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, घ्या. सोळा अंकी असतो, फुकट मिळतो, २०१२ पासून ही सोय आहे. नाव बदललं, कॉलेज बदललं, तरी क्रमांक तोच राहतो. नवा पेपर पाठवताना तो घालायचा विसरू नका.

त्यानंतर गूगल स्कॉलर या पेपर शोधायच्या गूगलच्या सोयीवर प्रोफाइल. तिथे एक सेटिंग आहे: नवे लेख आपोआप जोडायचे की आधी ईमेलने विचारायचं. आधी विचारायला सांगा. आपोआपवर ठेवलंत की सहा महिन्यांत दुसऱ्यांचे पेपर तुमच्या अंगणात. एकच पेपर दोनदा दिसत असेल, एकदा पूर्ण शीर्षकासह आणि एकदा मोडक्या शीर्षकासह, तर दोन्हींवर खूण करून ते एकत्र करा. नाहीतर त्याची सायटेशन दोन ठिकाणी वाटली जातात आणि एच-इंडेक्सला फटका बसतो.

स्कोपस या सशुल्क सायटेशन-सूचीचं सभासदत्व नसलं तरी लेखकाचं नाव शोधून प्रोफाइल बघता येतं. तिथली प्रोफाइलं यंत्र आपसूक बनवतं, त्यामुळे तुमची दोन-तीन निघाली तर दचकू नका. ती जोडून द्या अशी विनंती तिथूनच करता येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत. ओपनअलेक्स हे २०२२ पासून सुरू झालेलं संकेतस्थळही खुलं आहे. पडताळणीला बरं पडतं.

नावाचा घोळ नवशिक्यांचाच होतो असं समजू नका. आपल्या कोसबेंचे दामोदर धर्मानंद कोसंबी घ्या. इतिहासकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण ते पेशाने गणिती. त्यांच्या वडिलांचं, बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासक धर्मानंदांचं, आद्याक्षरही 'डी'च. त्यामुळे नुसतं 'डी. कोसंबी' टाकून शोधलंत तर बाप-लेक एकत्र येतात. साठच्या दशकात दामोदरपंतांनी काही पेपर 'एस. ड्यूक्रे' या टोपणनावाने छापले. ते कुठलं यंत्र त्यांच्या नावावर जोडणार? आणि १९३१ साली त्यांनी, अलीगढला असताना, सहकारी आंद्रे वेल यांच्या सांगण्यावरून, 'डी. बुर्बाकी' नावाच्या अस्तित्वातच नसलेल्या रशियन गणितज्ञाचा हवाला देऊन एक पेपर लिहिला. गंमत म्हणून केलेली ती खोड, पण सायटेशन म्हणजे सत्याचा शिक्का नव्हे हे मला नव्या पोरांना सांगायचं असतं तेव्हा ती उपयोगी पडते.

एच-इंडेक्स हाताने काढा, एकदा तरी

होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली हे माप सुचवलं. तुमचे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. वरून मोजत या. ज्या क्रमांकापर्यंत पेपरची सायटेशन त्याच्या क्रमांकाइतकी किंवा जास्त आहेत, तो शेवटचा क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स.

समजा एका बाईंचे चौदा पेपर आहेत आणि सायटेशन अशी: ६४, ३१, २२, १५, ११, ९, ८, ७, ७, ४, २, १, ०, ०. सातव्या पेपरला ८ सायटेशन, सातापेक्षा जास्त, चालेल. आठव्याला ७, आठापेक्षा कमी, तिथे थांबा. एच-इंडेक्स ७. एकूण सायटेशन १८१. गूगल स्कॉलर दाखवतो तो आय-टेन म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन मिळालेले पेपर. ते इथे ५.

आता या रांगेकडे जरा नीट बघा, कारण या मापाचा स्वभाव इथेच कळतो. पहिल्या पेपरची ६४ उद्या ६४० झाली तरी एच-इंडेक्स सातच राहील. पण आठव्या पेपरला एक सायटेशन, फक्त एक, जास्त मिळालं की एच-इंडेक्स आठ. म्हणजे जगभर वाचल्या गेलेल्या पेपरची या मापाला फारशी पर्वा नाही, आणि सीमेवर अडकलेल्या एका मध्यम पेपरला मात्र सोन्याचा भाव. हे ज्यांच्या लक्षात येतं ते पुढच्या पेपरच्या संदर्भयादीत स्वतःचा तो आठवा पेपर घुसवतात. मला कळतं, कारण यादी मीच तपासते.

वरच्या पेपराची दखल घ्यायची असेल तर लिओ एग्गे यांनी २००६ साली सुचवलेला जी-इंडेक्स आहे. वरचे जितके पेपर घ्याल त्यांची मिळून सायटेशन त्या संख्येच्या वर्गाइतकी तरी हवीत. वरच्या रांगेत पहिल्या तेरा पेपरांची बेरीज १८१, तेराचा वर्ग १६९, बसलं. चौदाचा वर्ग १९६, नाही बसलं. जी-इंडेक्स १३. फॉर्मात याला कुणी विचारत नाही, पण एखाद्याचा जी त्याच्या एचपेक्षा खूप वर असेल तर ओळखायचं की एक-दोन पेपर खरोखरच गाजलेत.

स्वतःची सायटेशन वगळूनही आकडा काढा. स्कोपसच्या सशुल्क आवृत्तीत त्यासाठी बटण आहे, गूगल स्कॉलरमध्ये नाही, तिथे हातानेच. वरच्याच उदाहरणात नऊवाल्या पेपरची चार, आठवाल्याची तीन आणि सातवाल्यांपैकी एकाची दोन सायटेशन त्या बाईंच्या स्वतःच्याच पेपरांतून आलेली निघाली, तर ते तिन्ही पाचावर येतात. एच-इंडेक्स सहा. एकूण बेरीज १८१ वरून १७२, म्हणजे फरक फारसा नाही, तरी एच खाली आला. स्वतःचा संदर्भ देणं हा काही गुन्हा नव्हे. एकाच विषयावर सलग काम करणाऱ्याला मागचा पेपर सांगावाच लागतो. लपवू मात्र नये. दोन्ही आकडे द्यावेत.

कुठला आकडा खरा?

"मॅडम, स्कोपस नऊ म्हणतं, गूगल तेरा म्हणतं. खरा कुठला?"

"दोन्ही."

"तसं कसं? फॉर्मात चौकट एकच आहे."

चौकट एक असली तरी तिच्यात दोन ओळी मावतात. स्कोपस आणि तशीच दुसरी सूची वेब ऑफ सायन्स ठरावीक, निवडलेली जर्नलं मोजतात. गूगल स्कॉलर जालावर जे अभ्यासाचं वाटेल ते मोजतो: प्रबंध, परिषदांचे लेख, छापून न आलेले मसुदे, पुस्तकं, कधी कधी अभ्यासक्रमाची पीडीएफसुद्धा. त्यामुळे तिथला आकडा बहुतेक वेळा मोठा येतो. खोटा नव्हे, त्याचं जाळंच मोठं. एकाला स्कोपसने आणि दुसऱ्याला गूगलने मोजून दोघांना शेजारी बसवणं मात्र अन्याय. आकड्यापुढे स्रोत आणि तारीख लिहिलीच पाहिजे.

जुन्या माणसांच्या बाबतीत आणखी एक ध्यानात ठेवा: १९७० च्या आधीच्या लेखांच्या संदर्भयाद्या स्कोपसमध्ये पुऱ्या नाहीत.

कुणाशेजारी ठेवायचा

इथे सर्वांत जास्त भांडणं होतात. म्हापशाच्या बाजारात मानकुराद आंबा डझनावर जातो आणि नारळ नगावर. दोघांचे भाव एकमेकांशी लावायला कुणी जात नाही. पण गणिताच्या सरांचा एच-इंडेक्स सूक्ष्मजीवशास्त्राच्या बाईंच्या एच-इंडेक्सशी लावायला समिती तयार असते. गणितात पेपर कमी निघतात, संदर्भयादी आखूड असते, आणि एखादा निकाल वापरात यायला वर्षं जातात. वैद्यकात भराभर पेपर, लांब याद्या. बांबोळीच्या वैद्यकीय कॉलेजातल्या डॉक्टरचा वीस आणि गणितवाल्याचा सात यांत कोण मोठा, हा प्रश्नच चुकीचा.

वय हाही मुद्दा आहे. एच-इंडेक्स कधी कमी होत नाही. काम सोडून घरी बसलात तरी वाढू शकतो. हिर्श यांनीच उपाय सुचवला होता: पहिल्या पेपरपासून किती वर्षं झाली त्याने एचला भागा. भौतिकशास्त्रात एकाच्या आसपास आलं तर माणूस यशस्वी, असा त्यांचा अंदाज होता. तो भौतिकशास्त्रापुरता, आपल्याकडच्या पाच तास शिकवून उरलेल्या वेळात संशोधन करणाऱ्या कॉलेजच्या शिक्षकाला लावू नये असं माझं मत.

क्षेत्र, वर्ष आणि लेखाचा प्रकार लक्षात घेऊन सरासरीशी तुलना करणारं एक माप स्कोपसवाले देतात. त्यात १ म्हणजे जगाची सरासरी, १.५ म्हणजे सरासरीहून निम्म्याने जास्त. पेपर थोडे असतील तर तेही एका पेपरने वर-खाली उडतं.

आणि लेखक किती आहेत ते बघा. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत किंवा वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात जहाजावर मोहिमा निघतात, नमुने गोळा करणारे, तपासणारे, आकडेमोड करणारे वेगळे असतात, पेपरवर मोठी फौज असते. त्यात काही वावगं नाही. पण आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकट्याने काम करणाऱ्याशी तुलना करताना ते विसरू नये. लेखकांत माणूस कुठे आहे, पहिला, शेवटचा की मधल्या गर्दीत, ते रांगेत प्रत्येक पेपरपुढे लिहून ठेवा.

जर्नलचा आकडा तुमचा नव्हे

इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो. मागच्या दोन वर्षांत जर्नलने छापलेल्या लेखांना या वर्षी मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. दोन वर्षांत १२० लेख, त्यांना यंदा ३०० सायटेशन, तर २.५. यातली बरीचशी सायटेशन मूठभर लेखांनी आणलेली असतात. तुमचा लेख त्या मुठीत आहे की नाही, हे त्या २.५ वरून कळत नाही.

तरी युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत पेपरचे वाढीव गुण जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरच आहेत: एकच्या खाली १०, एक ते दोन १५, दोन ते पाच २०, पाच ते दहा २५, त्यावर ३०. दोघे लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. म्हणजे पेपर कुणी उघडूनही पाहिला नसेल, पण जर्नल भारी असेल, तर गुण मिळतात. हे मला पटत नाही, पण फॉर्म तसा आहे, तसाच भरा. संशोधकाला जर्नलच्या आकड्याने तोलू नये असं सॅन फ्रान्सिस्कोच्या २०१२ च्या जाहीरनाम्यापासून जगभर सांगितलं जातंय.

खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्टमध्ये असतो, दर वर्षी जूनच्या सुमाराला येतो. जर्नलच्या मुखपृष्ठावर 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल' असलं विशेषण लावलेला आकडा दिसला तर तो रद्दी समजा. युजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्यापासून जर्नल पारखण्याची जबाबदारी तुमच्यावर आणि तुमच्या संस्थेवर आली आहे. "आठ दिवसांत छापून देतो" असा ईमेल आला की आधी ग्रंथालयात या.

सायटेशन उघडून वाचा

हा भाग कुणी करत नाही आणि माझ्या मते प्रभाव फक्त इथेच कळतो. आपला सर्वांत जास्त सायटेशनचा पेपर घ्या, त्याखालच्या आकड्यावर क्लिक करा आणि त्याचा संदर्भ देणारे दहा पेपर उघडा. प्रत्येकात आपलं नाव कुठे आलंय ते शोधा. प्रस्तावनेत दहा-बारा नावांच्या कंसात कोंबलेलं असेल तर ती सलामी झाली. पद्धतीच्या भागात असेल तर तुमचं काम कुणीतरी हातात घेऊन वापरलंय. चर्चेच्या भागात तुमच्या निष्कर्षाशी वाद घातला असेल तर तेही उत्तम. टीकेचं सायटेशनही मोजलं जातं, पण कुणी दखल घेऊन वाद घातला ही बाब आकड्यापलीकडची आहे.

समुद्रविज्ञान संस्थेतल्या नक्वी आणि सहकाऱ्यांचा नोव्हेंबर २००० चा 'नेचर'मधला पेपर या सरावाला चांगला. भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात ऑक्सिजन घटतोय आणि त्यामुळे नायट्रस ऑक्साइड जास्त सुटतोय, असं त्यात दाखवलंय. त्याचा संदर्भ देणारे पेपर उघडत गेलात की काही हरितगृहवायूंचे, काही मासेमारीचे, काही दुसऱ्याच समुद्रांतल्या ऑक्सिजनचे निघतात. एक पेपर किती वेगवेगळ्या घरांत गेला ते दिसतं. एच-इंडेक्समध्ये तो फक्त एक पेपर.

आणि जे मोजलं जातच नाही तेही शोधा. कोसंबींनी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात असताना चार पानांचा एक पेपर लिहिला: गुणसूत्रावर दोन जनुकांतलं अंतर कसं काढायचं. 'अॅनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये आला. कुणी त्याचं साल १९४३ लिहितं, कुणी १९४४, त्यामुळे नोंदीही फुटतात. भात, गहू, कापूस, कशाचाही जनुकीय नकाशा काढणारे आजही 'कोसंबी फंक्शन' वापरतात. पण पुष्कळ जण ते शब्द नुसते लिहून पुढे जातात आणि संदर्भ देतात सॉफ्टवेअरचा. नाव इतकं रुळलं की संदर्भ द्यायची गरज वाटेना. अशा वेळी लेखकाचं नाव नव्हे, त्या पद्धतीचं नाव टाकून पूर्ण मजकुरात शोध घ्या आणि किती पेपरांत वापर आहे तो आकडा वेगळा लिहा. पश्चिम घाटातल्या नव्या वनस्पतींची नावं ठेवणाऱ्यांचंही असंच: वनस्पतीच्या नावामागे त्यांचं नाव छापलं जातं, संदर्भयादीत मात्र बहुधा येत नाही.

मराठी विभागाचे सर आले की मी स्कोपस उघडतच नाही. मराठीतली बहुतेक नियतकालिकं आणि पुस्तकं तिथे नाहीतच, मग शून्य येणार, आणि त्या शून्यात सरांचा काही दोष नाही. त्यांच्यासाठी शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावरचे त्याच विषयाचे प्रबंध उघडायचे आणि मागच्या संदर्भसूचीत सरांचं पुस्तक शोधायचं. उरलेलं पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून, पुस्तकांच्या शेवटच्या पानांवरून. कंटाळवाणं काम आहे, एक दुपार जाते. यादी करा: कुणाचा प्रबंध, कुठलं विद्यापीठ, साल, पान. समितीपुढे अशी यादी ठेवली की अजून तरी कुणी एच-इंडेक्स विचारलेला मी ऐकला नाही.

फॉर्मात शेवटी असं काहीतरी लिहा. आकडे तुमचे घाला:

"एकूण पेपर १४, पैकी पहिला लेखक म्हणून ८. सायटेशन १८१, स्वतःची वगळून १७२. एच-इंडेक्स ७, स्वतःची वगळून ६. स्रोत गूगल स्कॉलर, नोंदी हाताने तपासलेल्या, तारीख अमुक. सर्वाधिक सायटेशनच्या पेपरमधली पद्धत पुढील पेपरांत वापरली आहे: ..."

त्या दिवशीच्या पानाची पीडीएफ काढून फायलीत ठेवा. समिती बसेपर्यंत आकडा बदललेला असतो आणि मग कुणीतरी मोबाइलवर बघून विचारतं, "तुम्ही तर सात लिहिलंय, इथे आठ दिसतंय."